वाचकांचे प्रश्न : रोल-प्लेइंग गेम लिहायला शिकताना

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार दिसला, तो म्हणजे स्वतःचा रोल-प्लेइंग गेम लिहिणे. खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, गावोगाव फिरतो, माणसांशी बोलतो, लढतो आणि अनुभवाने वाढत जातो, असा हा खेळाचा प्रकार आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या भागांतील पाच पत्रे येथे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. एसएसएलसीपर्यंत (दहावी) माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून सध्या मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात (बारावीत) आहे. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या परिसरात घडणारा, शंभर गावे, बाजारपेठा, घोडदळ आणि ऋतूंप्रमाणे बदलणारा निसर्ग असलेला गेम करण्याची माझी इच्छा आहे. माझ्याकडे ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. कोणती भाषा शिकावी, आणि इंग्रजी कच्चे असताना हे जमेल का? – एक विद्यार्थी, नंदगड

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात गडाच्या बुरुजांचे वर्णन दोन पाने आहे आणि खेळाडूने तेथे करायचे काय, याविषयी एकच ओळ आहे. पहिल्यांदा या वाटेला जाणाऱ्या बहुतेकांचे असेच होते, कारण खेळताना डोळ्यांना जग दिसते आणि लिहायला बसले की हातात फक्त एक हिशेबाची वही येते. रोल-प्लेइंग गेम हा मुळात आठवण ठेवणारा खेळ आहे. खेळाडूने कोणाला काय सांगितले, काय घेतले, कोणाला दुखावले, हे लक्षात ठेवून त्याप्रमाणे जग थोडे वेगळे वागवणे हे त्याचे खरे काम असते, आणि प्रोग्रामिंग शिकायचे ते यासाठीच.

या प्रकाराचा उगम संगणकावरचा नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला खेळ टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळला जातो, आणि प्रत्येक खेळाडूसमोर त्याच्या पात्राचा एक कागद असतो, ज्यावर शक्ती, प्राण, अनुभव आणि जवळचे सामान लिहिलेले असते. संगणकाने पुढे तो कागद सांभाळण्याचे काम अंगावर घेतले. जपानमध्ये १९८६ साली आलेल्या पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये प्रगती साठवण्याची सोय कार्ट्रिजमध्ये (आपल्याकडे त्याला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत) नव्हती. म्हणून खेळ थांबवताना २० जपानी अक्षरांचा एक मंत्र दाखवला जाई, तो वहीत उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. नायकाचे नाव, अनुभव, पैसा, शस्त्रे आणि सामान त्या २० अक्षरांत मावत असे. तुमच्या गेमचा मंत्र लिहायचा झाला तर त्यात काय काय असेल, हे आधी कागदावर मांडा. बुरुज त्यात येणार नाहीत, हे लगेच लक्षात येईल.

शंभर गावे तूर्त बाजूला ठेवून एक गल्ली, तीन माणसे आणि एक डबा घ्या. आजीने नातवाला बेळगावच्या बाजारातून कुंदा आणायला पाठवले आहे. दुकानदार पैसे घेऊन डबा देतो, वाटेत भेटलेला मित्र ‘जरा चव बघू दे की’ म्हणतो, आणि घरी आल्यावर आजी डबा उघडून बघते. डब्यात किती उरले आहे त्यानुसार आजीचे बोलणे बदलले पाहिजे, आणि मित्राला नकार दिला असेल तर दुसऱ्या दिवशी त्याने तोंड फिरवले पाहिजे. एवढ्यासाठी संगणकाला तीनच गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात: खिशातले पैसे, डब्यातले वजन आणि मित्राला दिलेले उत्तर. शाळेच्या बीजगणितात आपण ज्याला ‘चल’ म्हणत आलो त्याचाच चुलतभाऊ म्हणजे व्हेरिएबल. फरक इतकाच, की येथे त्याची किंमत शोधून काढायची नसते, आपणच ठेवायची आणि बदलायची असते. हा गेम चित्रांशिवाय, नुसत्या मजकुरावर, पायथॉन भाषेत लिहा. शे-दीडशे ओळींत तो पुरा होतो, आणि तेवढ्यात व्हेरिएबल, अट, लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणे), फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा), यादी आणि डिक्शनरी (नावासमोर किंमत ठेवणारा तक्ता) या सहाही गोष्टी हाताखालून जातात.

येथे एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. आजीची वाक्ये कोडमध्ये गुंफू नका. ती एका वेगळ्या फाइलीत, कोणत्या परिस्थितीत कोणते वाक्य, अशा तक्त्यात ठेवा, आणि प्रोग्रामला फक्त तो तक्ता वाचायला शिकवा. तीन माणसांपुरते अटींच्या पोटात अटी लिहून भागते, पण माणसे तीस झाली की आपणच लिहिलेले आपल्याला वाचवत नाही. तक्ता असेल तर एकतिसावा माणूस ही फक्त तक्त्यातली एक नवी ओळ होते.

एवढे झाल्यावर चित्रांकडे वळा आणि त्यासाठी गोडो हे इंजिन, म्हणजे गेम घडवण्याचे तयार साधन, घ्या. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी घडवलेले हे इंजिन २०१४ पासून मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे), त्याला शुल्क नाही आणि त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा धाटणीने पायथॉनसारखी असल्याने आधीचे शिकलेले वाया जात नाही. नवा प्रकल्प उघडताना चित्रणासाठी ‘कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय निवडा. जुन्या यंत्रासाठी तोच सोयीचा आहे. आरपीजी मेकर या रोल-प्लेइंग गेम बनवण्याच्या साधनात कोड न लिहिताही गेम उभा राहतो हे खरे, परंतु तुम्हाला प्रोग्रामिंग शिकायचे आहे, म्हणून मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

नकाशासाठी आलेखाची वही पुरे. ६४० बाय ४८० पिक्सेलचा पडदा ३२ पिक्सेलच्या चौकोनांनी भरला तर आडवी २० आणि उभी १५, म्हणजे ३०० घरे होतात, आणि प्रत्येक घरात फक्त एक क्रमांक लिहायचा असतो: ० म्हणजे माती, १ म्हणजे भिंत, २ म्हणजे पाणी. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या घरात साडीच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर मांडलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र चित्रांची घाई करू नका. दिवाळीच्या किल्ल्यात चिखल आळायच्या आत मावळे उभे केले की ते रुततात.

इंग्रजीची धास्ती मोठी नाही. पायथॉनचे राखीव शब्द चाळिसाच्या आत आहेत, आणि पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीतही देता येतात. ‘आजीचा_राग’ असे नाव दिले तरी प्रोग्राम कुरकुर करत नाही. गंमत अशी, की कोडमध्ये थेट देवनागरी १० लिहिले तर तो चूक दाखवतो, पण खेळाडूने टंकलेले ‘१०’ इंट या फंक्शनला दिले तर त्याचा बिनचूक आकडा करून देतो. चुकांचे संदेश मात्र इंग्रजीतच येतात, आणि ते न वाचता पुसून टाकण्याची सवय लागली तर भाषा कोणतीही असो, प्रगती थांबते. एका वहीत प्रत्येक नवा संदेश आणि त्याचे सापडलेले कारण लिहीत जा.

राहिला शंभर गावांचा प्रश्न. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एरिक बॅरोन यांनी एकट्याने केला आणि २०१६ मध्ये तो प्रसिद्ध होईपर्यंत त्यांची चार वर्षांहून अधिक वर्षे त्यात गेली. त्यात एकच गाव आहे.

प्रश्न : मी बीसीएच्या शेवटच्या वर्षात आहे. गोडोमध्ये केलेल्या माझ्या गेममध्ये ‘किल्ला’ हा शब्द लिहिला की वेलांटी क च्या नंतर पडते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो. संवाद एकेक अक्षराने उमटवताना तर मजकूर नाचतो. शिवाय तोच गेम मला कन्नडमध्येही द्यायचा आहे, कारण माझ्या वर्गातील निम्म्या मैत्रिणी कन्नड माध्यमातल्या आहेत. – एक विद्यार्थिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुमच्या कोडमध्ये चूक नाही. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्याच्या पद्धतीत) अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात, म्हणजे आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र ती वेलांटी क च्या आधी काढावी लागते आणि ल ला ल जोडून जोडाक्षर घडवावे लागते. हे घडवण्याचे काम हार्फबझसारखी वेगळी प्रणाली करते, आणि ती मध्ये नसेल तर फॉन्ट कितीही चांगला असला तरी ‘किल्ला’ मोडूनच पडतो. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत ही सोय नव्हती. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती आहे, तेव्हा प्रथम आवृत्ती तपासा. खेळाडूच्या यंत्रावर फॉन्ट असेलच असे गृहीत धरू नका; ‘नोटो सान्स देवनागरी’ आणि ‘नोटो सान्स कन्नड’ हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे असल्याने गेमसोबतच द्या आणि एकात अक्षर न सापडल्यास दुसऱ्यात शोधावे, अशी जोडणी करा. चाचणीसाठी ‘नमस्कार’ लिहून समाधान मानू नका. ‘क्षितिज’, ‘दुर्ग’, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे चार शब्द शेजारी लिहून बघा. शेवटच्या दोहोंत फरक दिसला नाही, तर सह्याद्रीच्या दऱ्यांऐवजी खेळाडू समुद्रात जाईल.

मजकूर नाचण्याचे कारणही तेच. ‘क्षि’ हे आपल्या लेखी एक अक्षर, पण साठवणीत ते क, पायमोडीची खूण, ष आणि वेलांटी असे चार तुकडे असतात. एकेक तुकडा उमटवला की खेळाडूला आधी क, मग पाय मोडलेला क, मग क्ष आणि शेवटी क्षि दिसते. गोडोमध्ये अक्षरे घडवून झाल्यानंतर ती क्रमाने उघड करण्याचा पर्याय आहे, तो निवडावा. ही सोय नसलेल्या साधनात काम करणार असाल, तर अक्षराऐवजी शब्दाशब्दाने मजकूर उमटवा; वाचायलाही तेच बरे वाटते.

दोन भाषांचा प्रश्न याहून खोल आहे, आणि तो तुम्ही विचारला याचा मला आनंद झाला. इंग्रजीतल्या धड्यांत वस्तूचे नाव आणि वाक्य जोडून संदेश तयार करायला शिकवतात. मराठीत ‘तलवार’ला नुसते ‘ला’ जोडता येत नाही. ‘तलवारीला’, ‘घोड्याला’, ‘कुंद्याला’ असे सामान्यरूप करावे लागते. म्हणून वस्तूंच्या तक्त्यात प्रत्येक नावासमोर सरळरूप, सामान्यरूप, अनेकवचन आणि लिंग असे चार रकाने ठेवा. त्याहून सोपी वाट म्हणजे वाक्याची रचनाच बदलून ‘मिळाले: तलवार’ असे लिहिणे, किरकोळ संदेशांना ते पुरते, संवादांना नाही.

पात्राच्या लिंगाचेही तसेच आहे. मराठीत ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ ही दोन वाक्ये आहेत, कन्नडमध्ये ‘नीनु बंदे’ दोघांनाही चालते. पण त्रयस्थाविषयी बोलताना ‘बंदनु’ आणि ‘बंदळु’ असा भेद तेथेही करावा लागतो. याचा अर्थ असा की एका भाषेतल्या प्रत्येक ओळीसमोर दुसऱ्या भाषेत एकच ओळ असेल, हे गृहीतक चुकते. प्रत्येक संवादाला एक खुणेचे नाव द्या, त्या नावाखाली प्रत्येक भाषेचे जितके पर्याय लागतील तितके ठेवा आणि निवडीचा नियम भाषेगणिक वेगळा असू द्या. नायिका गावातल्या पोराला ‘तू’ म्हणते, पाटलांना ‘तुम्ही’ म्हणते आणि पोर तिला आधी ‘अहो ताई’ आणि ओळख वाढल्यावर ‘ए ताई’ म्हणते, हेही त्याच तक्त्यात बसते, आणि गाव तिला ओळखायला लागल्याची ती खेळाडूला मिळालेली पहिली पावती असते. कन्नड मजकूर मात्र मराठीवरून शब्दशः उतरवू नका. वर्गातल्या मैत्रिणींना प्रसंग सांगा आणि ओळ त्यांनाच लिहू द्या.

प्रश्न : माझ्या गेममध्ये एका राखणदारावर वार केला की त्याची प्राणशक्ती कमी होण्याऐवजी वाढते. इतर शत्रू मात्र बरोबर मरतात. दोन रात्री शोधूनही चूक सापडत नाही. – एक वाचक, चिकोडी

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या ओळींत नुकसान म्हणजे हल्ल्यातून बचाव वजा, असे सूत्र आहे. तुमच्या नायकाचा हल्ला ८ आहे आणि या राखणदाराचा बचाव ११. ८ वजा ११ म्हणजे उणे ३, आणि प्राणशक्तीतून उणे ३ वजा केले की ती ३ ने वाढते. संगणकाने सांगितले तेच केले आहे. नुकसान १ पेक्षा खाली जाऊ नये, अशी एक अट घाला, आणि प्राणशक्तीही ० च्या खाली व कमाल मर्यादेच्या वर जाऊ देऊ नका. तेवढ्याने आजची चूक मिटेल.

पण या सूत्राचा स्वभाव समजून घ्या, कारण ते पुढेही त्रास देईल. शत्रूची प्राणशक्ती ३० आणि बचाव १० धरला, तर हल्ला १२ असताना प्रत्येक वाराने २ कमी होऊन १५ वार लागतात, आणि हल्ला २० झाला की १० कमी होऊन ३ वारांत काम होते. हल्ला दुप्पटही वाढला नाही, पण लढाई पाचपट सोपी झाली. म्हणजे खेळाडूला एक तर कंटाळा येतो किंवा आव्हानच उरत नाही. त्याऐवजी हल्ल्याचा वर्ग भागिले हल्ला आणि बचाव यांची बेरीज, असे सूत्र वापरून पाहा. १२ चा वर्ग १४४, भागिले २२, म्हणजे साधारण ६.५, तेव्हा ५ वार. २० चा वर्ग ४००, भागिले ३०, म्हणजे १३, तेव्हा ३ वार. राखणदाराच्या बाबतीत ६४ भागिले १९, म्हणजे ३. झुंज जड जाईल, पण हरलेली नसेल. हे उत्तर उणे तर कधीच होत नाही. वजाबाकीचे सूत्र वाईट आहे असे नाही. लहान आकड्यांत ते खेळाडूला मनातल्या मनात करता येते आणि तो गुण थोडा नव्हे. निवड तुमची आहे, पण ती आकडे मांडून करा.

आकडे मांडण्यासाठी गेम खेळत बसू नका. लढाईचे फंक्शन चित्रांपासून वेगळे ठेवा, म्हणजे तेच फंक्शन एका लूपमध्ये हजार वेळा चालवून नायक किती वेळा जिंकला आणि सरासरी किती वार लागले, हे काही क्षणांत कळते. फाशांसारखी यादृच्छिकता असेल तर हे अधिकच गरजेचे, कारण हाताने खेळलेल्या पाच लढायांवरून कोणताही निष्कर्ष काढणे म्हणजे वळवाच्या एका सरीवरून मृगाचा अंदाज बांधणे होय.

ता. क. तुमचा नायक तिरपा चालताना पळतो, असेही तुम्ही लिहिले आहे. उजवी आणि वरची कळ एकदम दाबली की दोन्ही वेग मिळतात आणि कर्णाची लांबी १.४१ पट होते. दिशेची लांबी आधी १ करून घ्या आणि मग वेगाने गुणा.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तो रात्री गेम खेळत नाही, गेम ‘लिहितो’, असे म्हणतो. याला अभ्यास समजावे की नाही? – एक पालक, निपाणी

उत्तर : आठवड्यातून एकदा त्याच्याजवळ बसून, या आठवड्यात कोणती चूक सापडली आणि ती कशी सापडली, एवढेच विचारा. लिहीत असेल तर तो अर्धा तास बोलेल आणि तुम्हाला त्यातले काही कळले नाही तरी चालेल; लिहीत नसेल तर तेही लगेच कळेल. यातून नोकरी मिळेल असे आश्वासन मी देणार नाही. झोप मात्र मोडू देऊ नका, कारण रात्री बाराला घातलेली चूक दुसऱ्या दिवशी दुपारभर शोधावी लागते.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हाही जाते आणि माझ्या संगणकाला बॅटरी नाही. दोनदा असे झाले की गेम साठवत असतानाच वीज गेली आणि नंतर साठवलेली फाइल उघडलीच नाही. वीस तासांची प्रगती गेली. वीजपुरवठ्याला बोल लावण्याखेरीज काही करता येईल का? – एक वाचक, जांबोटी

उत्तर : येते. लिहिण्यासाठी फाइल उघडली की बहुतेक भाषांत तिच्यातला जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो, आणि नवा पुरता लिहून होण्याआधी वीज गेली तर हातात ना जुने राहते ना नवे. म्हणून मूळ फाइलीला हात न लावता त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाची तात्पुरती फाइल लिहा, ती डिस्कवर खरोखर पोचली याची एफसिंक या फंक्शनने खात्री करा आणि मगच तिचे नाव बदलून मूळ फाइलीच्या जागी ठेवा. पायथॉनमध्ये ओएस मोड्यूलचे रिप्लेस हे फंक्शन यासाठी आहे. नाव बदलणे हे एका टप्प्यात होते, त्यामुळे वीज केव्हाही गेली तरी जुनी किंवा नवी यांपैकी एक फाइल अखंड मिळते. त्याशिवाय शेवटच्या तीन साठवणी क्रमांक देऊन बाजूला ठेवा. जागा फारशी लागत नाही.

तुमची फाइल मोठी असण्याचे कारणही तुमच्या मूळ पत्रातच सापडले: तुम्ही संपूर्ण नकाशा साठवता. नकाशा गेममध्ये आहेच. खेळाडूमुळे जे बदलले तेवढेच साठवा: तो कोठे उभा आहे, जवळ काय आहे, कोणते दार उघडले, कोणाशी काय बोलणे झाले. नंदगडच्या विद्यार्थ्याला वर सांगितलेला २० अक्षरांचा मंत्र तुम्हालाही लागू आहे. फाइलीच्या सुरुवातीला आवृत्तीचा क्रमांक जरूर लिहा, कारण पुढच्या महिन्यात तुम्ही नायकाला ‘तहान’ हा नवा गुण द्याल, जुन्या फाइलीत तो नसेल आणि गेम तेथेच कोसळेल; आवृत्ती कळली तर नसलेल्या गुणाला ठरावीक किंमत देऊन पुढे जाता येते.

हे सारे झाल्यावर वीज जाण्याची वाट पाहू नका. साठवणे चालू असताना टास्क मॅनेजरमधून गेम मध्येच बंद करा, निदान दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी फाइल उघडते का ते बघा.